जिंकलेलं शहर हातात ठेवायचं कसं: 'मेडिव्हल टू: टोटल वॉर' नव्याने खेळणाऱ्यांसाठी

'मेडिव्हल टू: टोटल वॉर' हा मध्ययुगीन राज्य चालवण्याचा आणि लढवण्याचा, पाळीपाळीने खेळायचा खेळ 2006 साली पीसीवर आला आणि 2022 मध्ये मोबाइलवर. नव्या खेळाडूचं सगळं लक्ष लढाईकडे असतं, आणि ते साहजिकच आहे. तटाला शिड्या लागतात, दरवाजा फुटतो, मधल्या चौकात शेवटची झुंज होते. हे सगळं पाहायला फार सुरेख आहे. पण लांबच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे मोहिमेच्या मोठ्या डावात, बहुतेक राज्यांना जिंकण्यासाठी 45 प्रांत ताब्यात असावे लागतात. तेवढे प्रांत लढून मिळतात आणि कारभाराने टिकतात. दहा-बारा शहरं झाली की ज्यांचा डाव फसतो, त्यांची लढाई कच्ची नसते. मागे सोडलेली शहरं एकेक करून बंड करतात, ती परत घ्यायला सैन्य उलट फिरवावं लागतं, आणि तिजोरी तोवर रिकामी झालेली असते.

म्हणून या लेखात लढाईबद्दल जवळजवळ काही नाही. उदाहरणासाठी मी इंग्लंड घेतलंय, कारण सुरुवातीपासून निवडता येणाऱ्या राज्यांपैकी ते शिकायला सगळ्यात सोपं आहे. 1080 साली तुमच्याकडे तीन ठिकाणं असतात: लंडन हे शहर, नॉटिंगहॅम हा किल्ला आणि समुद्रापलीकडे नॉर्मंडीत काँ हा दुसरा किल्ला.

वेढा घालण्याआधी

कॅम्पेन सुरू करतानाच्या पडद्यावर 'मॅनेज ऑल सेटलमेंट्स' असा चौकोन आहे. त्यावर खूण करा. ती नसेल तर जिथे तुमचा जनरल बसलेला नाही त्या शहराचा कारभार खेळ स्वतःकडे घेतो, आणि नव्याने जिंकलेल्या ठिकाणी नेमकं तेच नको असतं.

पहिलं लक्ष्य यॉर्क. ते कोणत्याही राज्याचं नाही, बंडखोरांच्या हाती आहे, नॉटिंगहॅमपासून जवळ आहे, आणि तिथली प्रजा तुमच्यासारखीच कॅथलिक आहे. सुरुवातीला बंडखोरांचीच ठिकाणं घ्या असं मी प्रत्येक नव्या खेळाडूला सांगतो. एखाद्या कॅथलिक राज्यावर चाल केली की पोपची नजर तुमच्यावर पडते. युद्ध थांबवा असा त्याचा हुकूम येतो आणि तो मोडला तर राज्य धर्मबहिष्कृत होऊ शकतं. बंडखोरांच्या बाबतीत पोप काही बोलत नाही. यॉर्क, कार्नार्व्हन, इन्व्हरनेस, डब्लिन, आणि समुद्रापलीकडे ब्रूज आणि अँटवर्प ही सगळी सुरुवातीला बंडखोरांकडेच असतात. शिवाय सरदारांचं मंडळ, म्हणजे 'काउन्सिल ऑफ नोबल्स', बऱ्याचदा असंच एखादं ठिकाण घेण्याची कामगिरी देतं आणि वर बक्षीसही देतं. त्यामुळे निघण्याआधी कामगिऱ्यांवर नजर टाका.

सैन्य निघण्याआधी तीन गोष्टी करा. एक, हेर पुढे पाठवा. तो शहरात शिरला की आत किती सैन्य आहे, लोकसंख्या किती, कोणत्या इमारती आहेत हे सगळं दिसतं, आणि नशीब चांगलं असेल तर हल्ल्याच्या वेळी दरवाजाही उघडा मिळतो. दोन, लढणाऱ्या सैन्यामागे शिबंदीसाठी, म्हणजे शहर सांभाळायला आत ठेवण्यासाठी, दोन-तीन स्वस्त तुकड्या चालत्या ठेवा. तीन, त्या प्रांतातल्या लोकांचा धर्म वेगळा असेल तर पाद्री आधीच तिकडे धाडा. त्याला परक्या मुलखात फिरायला कोणी अडवत नाही, आणि तो तिथे उभा असेपर्यंत दर टर्नला, म्हणजे दर पाळीला, धर्माची टक्केवारी थोडीथोडी तुमच्याकडे सरकत राहते.

यातला दुसरा मुद्दा, शिबंदीचा, नव्या खेळाडूंच्या सगळ्यात उशिरा ध्यानात येतो. शहर शांत ठेवताना खेळ शिबंदीतली डोकी मोजतो आणि ती लोकसंख्येशी ताडून पाहतो. तुमचे घोडदळातले सरदार रणांगणात कितीही भारी असले तरी एका तुकडीत माणसं थोडी आणि पगार मोठा. तेच काम लंडनमध्ये तयार होणारी टाउन मिलिशिया, म्हणजे शहरातल्याच लोकांची साधी फौज, फार स्वस्तात करते. सरदारांना भिंतीआड बसवून ठेवलं तर पैसाही जातो आणि पुढची चालही थांबते.

शहर पडलं की येणारे तीन पर्याय

चौक ताब्यात आला की खेळ विचारतो: ऑक्युपाय, सॅक की एक्स्टर्मिनेट? म्हणजे नुसता ताबा घ्यायचा, लुटायचं, की कत्तल करायची.

ताबा घेतला तर लोकसंख्या टिकते आणि हाती रोख फारसं काही येत नाही. जनरलच्या अंगी शिव्हलरी म्हणजे दिलदारपणा वाढतो आणि इतर राज्यांमध्ये तुमचं नाव चांगलं राहतं. लुटीत सगळ्यात जास्त फ्लोरिन, म्हणजे खेळातले पैसे, मिळतात आणि काही लोक मरतात. कत्तलीत बहुतेक प्रजा संपते, पैसे लुटीपेक्षा कमी येतात, आणि जनरलचा ड्रेड म्हणजे त्याच्याविषयीची दहशत वाढते.

माझा नियम सोपा आहे. शहर जवळचं असेल, धर्म आपलाच असेल आणि शिबंदी बरोबर असेल तर ताबा घ्यायचा. यॉर्कला दुसरा विचारच नको. ते पुढे शेकडो वर्षं तुम्हाला कर देणार आहे आणि तिथला प्रत्येक माणूस म्हणजे उत्पन्न. शहर दूरचं, भरगच्च लोकवस्तीचं आणि दुसऱ्या धर्माचं असेल तर लूट. लोकसंख्या कमी झाली की तीच शिबंदी पुरेशी ठरते, अस्वच्छतेचा ताण उतरतो, आणि आलेल्या पैशातून लगेच बांधकामं सुरू करता येतात. कत्तलीचा पर्याय मी नव्या खेळाडूला सुचवत नाही. शहर शांत होतं हे खरं, पण ते शांत होतं कारण तिथे कोणी उरलेलं नसतं. लोकसंख्या भरून यायला खूप टर्न जातात, तोवर कर नाही, मोठ्या इमारती नाहीत, आणि नाव बिघडल्यामुळे तह करायला कोणी तयार होत नाही. जे शहर एकदा बंड करून गेलंय आणि दुसऱ्यांदा घ्यावं लागलंय, तिथे एखादे वेळी नाइलाज म्हणून हा विचार करावा.

त्याच टर्नमध्ये करायची कामं

शहर घेतलं की टर्न संपवण्याची घाई करू नका. आधी शहरावर दाबून 'सेटलमेंट डिटेल्स'चा पट उघडा. 'पब्लिक ऑर्डर'च्या रांगेत शांतता वाढवणारी आणि घटवणारी कारणं छोट्या चित्रांनी दाखवलेली असतात. चित्रावर बोट किंवा माउस ठेवला की कारणाचं नाव येतं. शिबंदी, गव्हर्नरचा (शहरात बसवलेल्या जनरलचा) प्रभाव, चर्च, टाउन हॉल ही वाढवणारी. अस्वच्छता, राजधानीपासूनचं अंतर, धर्माची तेढ, जड कर ही घटवणारी. हा पट नीट वाचायला शिकलात तर अर्धा कारभार आला, कारण प्रत्येक शहराचं दुखणं वेगळं असतं आणि ते इथेच लिहिलेलं असतं. दुखणं अंतराचं आणि तुम्ही चर्च बांधताय, किंवा दुखणं धर्माचं आणि तुम्ही शिबंदी वाढवत बसलाय, तर पैसा वाया जातो.

नकाशावर शहराजवळ दिसणाऱ्या चेहऱ्याचा रंगही लक्षात ठेवा. हिरवा म्हणजे प्रजा खूश, पिवळा म्हणजे ठीक, निळा म्हणजे असंतोष, लाल म्हणजे बंडाची वेळ. पिवळ्यावर समाधान मानायला हरकत नाही. निळा दिसला तर त्याच टर्नला काहीतरी करा.

नव्या शहरात कर सगळ्यात खालच्या पातळीवर आणा. उत्पन्न घटतं म्हणून हात कचरतो, पण कमी करामुळे लोक शांत राहतात आणि लोकसंख्याही वेगाने वाढते. चेहरा हिरवा झाला आणि काही टर्न तसाच राहिला की एकेक पायरी चढवा. मग दुरुस्ती. वेढ्यात पडलेला तट आणि मोडलेल्या इमारती तशाच ठेवल्या तर शेजारी राज्य त्याच भगदाडातून आत येतं. तट आधी, बाकीचं मागाहून.

बांधकामाचा क्रम ठरवताना पुन्हा तो पट पाहा. यॉर्कसारख्या शांत शहरात मी रस्ते आणि बाजारापासून सुरुवात करतो. रस्त्याने व्यापारही वाढतो आणि सैन्यही लवकर पोचतं, त्यामुळे शिबंदी थोडी कमी ठेवली तरी निभावतं. अशांत शहरात आधी प्रार्थनास्थळ, आणि शहराचा आकार तेवढा असेल तर टाउन हॉल. शेती सुधारण्याची घाई अशा ठिकाणी करू नका. लोकसंख्या वाढली की अस्वच्छता वाढते, शिबंदी अपुरी पडते, आणि तुम्हीच शहर लाल करता.

सैन्याचं काय? निदान एक टर्न सगळं सैन्य आतच ठेवा. दुसऱ्या टर्नला मिलिशिया पोचली की लढणाऱ्या तुकड्या बाहेर काढा, पण एकदम नको. एकेक तुकडी बाहेर काढताना पटावरचा शांततेचा आकडा उतरताना दिसतो. तो जिथे धोक्यापर्यंत येईल तिथे थांबा. बाकीचं सैन्य मोकळं.

किल्ला ठेवायचा की शहर करायचं

या खेळात वस्तीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचं काम वेगळं आहे. शहर पैसा देतं. किल्ला चांगलं सैन्य देतो. इंग्लंडचे नावाजलेले लाँगबोमन, म्हणजे लांब धनुष्याचे तिरंदाज, किल्ल्यात तयार होतात. मोठ्या किल्ल्याची तटबंदी एकाआत एक असते, म्हणून थोडक्या माणसांनी तो लढवता येतो, आणि तिथली माणसं शहरातल्यांपेक्षा शांतही राहतात. पण उत्पन्न बेताचं.

जिंकलेलं ठिकाण आहे तसंच ठेवायची गरज नाही. सेटलमेंटच्या पटावर रूपांतराचं बटण असतं. पैसे आणि काही टर्न लागतात. कार्नार्व्हनचंच बघा. ते किल्ला म्हणून हाती येतं. पण नॉटिंगहॅम जवळ आहे, वेल्सच्या पलीकडे नुसता समुद्र आहे, तिथे दुसरा किल्ला पोसून काय मिळणार? ते मी शहर करतो. इन्व्हरनेसचंही तसंच, एडिंबरा तुमच्याकडे आलं की उत्तरेला शत्रूच उरत नाही. उलट फ्रान्सच्या बाजूला काँ हा किल्ला कधीही मोडू नका. तिकडची सगळी चाल त्याच्याच जोरावर होते, आणि पुढे सरकल्यावर आघाडीजवळ आणखी एक किल्ला लागतो. एका आघाडीला एक चांगला, पूर्ण वाढवलेला किल्ला आणि त्यामागे पैसे देणारी तीन-चार शहरं, हे प्रमाण बहुतेक राज्यांना जमतं.

रूपांतर करण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. किल्ल्यातल्या ज्या इमारतींना शहरात जोड नाही त्या नाहीशा होतात, म्हणून खूप खर्च झालेला किल्ला मोडू नका. निर्णय घ्यायचा तो जिंकल्याबरोबर. आणि शहर मोठं झाल्यावर त्याचा पुन्हा किल्ला होत नाही.

शहर करण्याचा आणखी एक फायदा आहे तो शिबंदीचा. शहरात ठरावीक संख्येपर्यंत मिलिशियाच्या तुकड्या फुकट पोसल्या जातात, आणि शहर वाढतं तशी ही संख्याही वाढते. म्हणजे योग्य तुकड्या आत ठेवल्या तर शांतता राखण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. मिलिशियाऐवजी किल्ल्यात तयार झालेली माणसं आत ठेवली तर मात्र त्यांचा पगार पूर्ण जातो. तिजोरी का गळतेय हे कळत नसेल तर सगळ्यात आधी आपल्या शहरांत कोण बसलंय ते तपासा.

दूरचं शहर, दुसरा धर्म

खरी परीक्षा जेरुसलेमची. पोपने क्रुसेड म्हणजे धर्मयुद्धाची मोहीम पुकारली, तुम्ही आठ किंवा जास्त तुकड्यांचं सैन्य जनरलसह सामील केलं, समुद्र ओलांडून शहर घेतलं. सगळीकडे तुमचा जयजयकार. आणि पुढच्याच टर्नला हिशेब पाहून धक्का बसतो. क्रुसेडवर असलेल्या सैन्याचा पगार लागत नाही, पण लक्ष्य पडलं की क्रुसेड संपते आणि सगळा पगार एकदम चालू होतो. वरून शहर लंडनपासून जगाच्या दुसऱ्या टोकाला, प्रजा बहुतांश मुस्लिम, शेजारी इजिप्त आणि तुर्क दोघेही टपलेले.

याची तयारी निघतानाच करावी लागते. क्रुसेडच्या वाटेवर पिलग्रिम्स नावाचे भाडोत्री यात्रेकरू सैन्यात घेता येतात. लढाईत ते फार टिकत नाहीत, पण शिबंदीत डोकी मोजली जातात हे आठवा. शहर पडल्यावर आत बसवायला ते उपयोगी पडतात. बरोबर दोन पाद्री हवेतच, तीन असतील तर उत्तम. आणि जनरलही दोन: एक शहरात बसायला, एक मैदानात फिरायला. घराण्यात माणसं कमी असतील तर पराक्रम गाजवलेल्या कॅप्टनला दत्तक घेण्याचा प्रस्ताव अधूनमधून येतो, तो नाकारू नका.

शहर घेताना इथे लूट. आलेले पैसे सगळे त्याच शहरात घाला. मशीद पाडून त्या जागी चर्चचं काम सुरू करा. ही गोष्ट ऐकायला कठोर वाटते, पण खेळाच्या हिशेबात दुसऱ्या धर्माचं प्रार्थनास्थळ तुमच्या काही कामाचं नसतं, आणि धर्माची तेढ ही इथली सगळ्यात मोठी वजाबाकी असते. पाद्री प्रांतात उभे ठेवा, आणि त्यांची पायटी म्हणजे धर्मनिष्ठा वाढतेय ना ते पाहत जा. कच्चा पाद्री एखादे वेळी स्वतःच पाखंडी होऊन तुमच्याच प्रजेत फिरू लागतो.

एक हेर शहराच्या आत कायम बसवा. हे इंग्लंडमध्ये नाही केलं तरी चालतं, इथे नाही चालत. शत्रूचे हेर आत शिरून असंतोष वाढवतात, पटावर 'अनरेस्ट' चढत जातो आणि कारण कळत नाही. आपला हेर आत असला तर ते पकडले जातात.

गव्हर्नर कसा असावा? शिव्हलरी जास्त असलेला माणूस शांततेबरोबर लोकसंख्याही वाढवतो, म्हणून तो वाढत्या, जवळच्या शहरात ठेवा. दहशतीचा माणूस प्रजेला धाकात ठेवतो, म्हणून दूरच्या आणि बंडखोर शहराला तोच बरा. दोघांच्याही बाबतीत निष्ठा, म्हणजे लॉयल्टी, आधी पाहा. कमी निष्ठेचा जनरल राजापासून इतक्या लांब ठेवला तर एक दिवस तो तुमच्या सैन्यासकट बंडखोर होतो.

अंतराची वजाबाकी शिबंदीने किंवा चर्चने कमी होत नाही. तिच्यावर उपाय राजधानी हलवण्याचा. राज्य फ्रान्स-इटलीपर्यंत पसरलं असेल तर लंडनला राजधानी ठेवण्याचा हट्ट कशाला? नकाशाच्या मध्यावर असलेलं तुमचं एखादं चांगलं शहर निवडा, त्याच्या डिटेल्सच्या पटावरून राजधानी करा आणि लगेच सगळ्यात दूरच्या दोन-तीन शहरांचे आकडे पाहा. लंडनसारखी जुनी शहरं थोडी खाली येतात, पण त्यांच्याकडे चर्च, टाउन हॉल, फुकटची शिबंदी असं सगळं असतं; त्यांना ते सोसतं.

नाहीच टिकलं तर

प्रत्येक शहर ठेवलंच पाहिजे असं नाही. चेहरा लाल आहे, कर तळाला आहे, शिबंदी भरलेली आहे, तरी आकडा वर येत नाही, अशी वेळ पूर्वेला हमखास येते. त्यातच तेराव्या शतकात मंगोल पूर्वेकडून उतरतात आणि त्यांच्या वाटेवरचं एकटं शहर वाचवणं फार अवघड असतं. अशा वेळी आधी चांगलं सैन्य बाहेर काढा. बंड झालं की शिबंदी शहराबाहेर फेकली जाते आणि त्यात माणसं मरतात, म्हणून ते होईपर्यंत थांबू नका.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे शहर देऊन टाकणं. तुमचा राजदूत किंवा राजकन्या दुसऱ्या राज्याच्या दूताशी बोलताना शहरही देवघेवीत मांडू शकते. शेजारच्या मित्रराज्याला ते विकता येतं, हप्त्याहप्त्याने पैसे मागता येतात. आणि घेणारा कोणी नसेल तर पोपला भेट द्या. क्रुसेडमध्ये घेतलेलं पण न झेपणारं शहर पोपच्या पदरात टाकलं की त्याची मर्जी चांगलीच सुधारते, शिबंदीचा खर्च वाचतो, आणि इकडे युरोपात फ्रान्सशी तुमचं जे युद्ध रखडलंय, त्यात पोपची पहिली ताकीद यायला तेवढा उशीर होतो. देण्याआधी आतल्या तुकड्या आणि हेर बाहेर काढायला विसरू नका, आणि जवळच्या बंदरात जहाज उभं ठेवा.